साठ टक्के

पट्ट्याला तीन नवी भोकं पडली आहेत, हे सरांना बायकोनं दाखवलं. सरांचे वडील, अप्पा, आंघोळीला गेले होते आणि त्यांची पँट खुंटीवर लटकत होती. भोकं दाभणानं पाडलेली, सारख्या अंतरावर, एका रेषेत. अप्पांच्या हातचं काम लपत नसे.

"हे पहिलं जरा जुनं आहे," ती म्हणाली. "आणि या शेवटच्याच्या कडा बघा, अजून पांढऱ्या आहेत. माणूस डोळ्यांसमोर झिजतोय आणि आपल्याला पट्ट्यावरून कळतंय."

सर एका शाळेत गेली तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. वसाहतीतली पोरंटोरं त्यांना सर म्हणत, मग पोरांचे आईबाप म्हणू लागले, आणि शेवटी त्यांच्या वडिलांनीही तेच उचललं. मात्र अप्पांच्या तोंडी 'सर' आणि 'तू' एकाच वाक्यात नांदायचे. अप्पा स्वतः प्लंबर. शेहेचाळीस वर्षं लोकांचे नळ, टाक्या आणि तुंबलेल्या मोऱ्या यांच्यात घालवून ते निवृत्त झाले होते, आणि बायको गेल्यावर मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. वय एकोणऐंशी.

अप्पा आंघोळ करून आल्यावर सरांनी त्यांना समोर बसवलं. अप्पांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

"पाइप चोंदलाय," ते छातीच्या खालच्या टोकाला बोट लावून म्हणाले. "आधी पाव अडकायचा. मग भात अडकायला लागला. आता दूध उतरतं, तेही रांगेत उभं राहून."

"किती दिवस झाले?"

"तीन महिने असतील."

"आणि बोलला नाहीत?"

"तू लगेच शिट्टी वाजवली असतीस."

शिट्टी वाजायची ती वाजलीच. आठवडाभरात दुर्बीण घशातून आत गेली, तुकडा काढला, स्कॅन झाला. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथं गाठ होती, आणि यकृतावर तीन डाग. कॅन्सरच्या डॉक्टरीण बाई पंचेचाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सरांना कागदावर चित्र काढून दाखवलं आणि सांगितलं की आजार पसरलेला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, मुळापासून बरा होणार नाही. पण औषधांनी काही काळ आटोक्यात ठेवता येईल.

"त्यांना हे सांगू नका," सर म्हणाले. "ते हातपाय गाळतील."

चोंदलेल्या जागी डॉक्टरांनी आधी जाळीची एक नळी बसवली. अप्पांना ती कल्पना बेहद्द आवडली. "म्हणजे जुनी लाइन तोडायची नाही, आतून नवी सरकवायची," ते सूनबाईंना समजावून सांगत होते. चार दिवसांनी त्यांनी अर्धं उकडलेलं अंडं खाल्लं आणि उरलेलं अर्धं संध्याकाळी खाल्लं.

मग औषधांची वेळ आली. दर तीन आठवड्यांनी एक सलाइन आणि रोज दोन वेळा गोळ्या. बाईंनी विचारलं, "घरी कसे असतात? चालणं-फिरणं? जिना?"

अप्पा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "एकदम फिट. रोज दोन जिने चढतात, उतरतात. माझ्या आठवीच्या पोरांना लाजवतील."

अप्पांनी तोंड मिटलं.

"वय बघता कमी डोसनं सुरुवात करावी असं मला वाटतं," बाई म्हणाल्या.

"कमी कशाला? अर्ध्या मनानं मैदानात उतरायचं नसतं, डॉक्टर. खेळायचं तर पूर्ण ताकदीनं."

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"सर म्हणतील तसं," अप्पा म्हणाले.

ताकद पूर्ण लागली आणि अप्पा आडवे झाले. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी तोंड आलं, सातव्या दिवशी जुलाब सुरू झाले, आणि नवव्या दिवशी सकाळी मोरीत धप्पकन आवाज आला. सूनबाई धावल्या तेव्हा अप्पा भिंत आणि बेसिन यांच्या मधल्या फटीत बसले होते आणि उठता येत नव्हतं. "नळ बंद कर आधी, पाणी वाया जातंय," ते म्हणाले. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करत. त्यांनी अप्पांना पलंगावर नेलं, आता या बंद म्हणत राहिलेल्या गोळ्या कपाटात टाकल्या, मग डॉक्टरांना फोन लावला, आणि मग नवऱ्याला शाळेतून बोलावलं.

अकरा दिवस अप्पा वॉर्डात होते. सर शाळेतून थेट तिकडे जात आणि पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसत. आयुष्यभर त्यांनी पोरांना एकच मंत्र दिला होता, अजून थोडा जोर लाव. आता समोर उशीत रुतलेला तो छोटासा चेहरा पाहताना त्यांना जोर कुठं लावायचा तेच कळत नव्हतं. चमच्यानं पाणी पाजावं तर तेही अप्पा दोन चमच्यांनंतर नको म्हणायचे.

दहाव्या दिवशी बाई स्वतः आल्या आणि खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या. बसल्या त्या अशा, की त्यांचा चेहरा अप्पांकडे आणि खांदा सरांकडे.

"अप्पा, मागच्या वेळी मी तुमच्याबद्दल विचारलं आणि उत्तर तुमच्या मुलानं दिलं. मी ते लिहून घेतलं. तिथं माझं चुकलं. आज मी तुम्हालाच विचारणार आहे, आणि सर ऐकतील. चालेल?"

"सरांना विचारा."

"चालेल," सर म्हणाले.

"औषध सुरू व्हायच्या आधी, रोज जिना उतरत होतात का?"

अप्पांनी मुलाकडे एकदा पाहिलं. "इथं यायचं सोडलं तर दीड महिना उतरलो नव्हतो."

"घरी कधी पडला होतात?"

"दोनदा. एकदा पलंगापाशी, एकदा गॅलरीत. घरात कोणी नव्हतं, मग सांगायचं कोणाला."

वजन, झोप, बाकीच्या गोळ्या, डबा कोण भरून देतं, चष्मा कधी बदलला, असं बरंच विचारून झालं. मग त्या म्हणाल्या, "हात न टेकता या खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवा. जमतील तेवढ्या वेळा."

अप्पा एकदा उठले. दुसऱ्यांदा उठताना गुडघे थरथरले. तिसऱ्यांदा नुसतेच पुढे झुकले आणि परत मागे टेकले. मग पलंगापासून दारापर्यंत चार मीटर चालायचं होतं. सरांचा अंगठा सवयीनं तर्जनीवर दाबला गेला, जणू हातात स्टॉपवॉच होतं. हजारो पोरांची वेळ त्यांनी मोजली होती. मनातल्या मनात आकडे सरकू लागले, आणि अप्पा दाराशी पोहोचले तेव्हा अकरा झाले होते. एवढ्या वेळात त्यांच्या वर्गातलं सगळ्यात लठ्ठ पोरसुद्धा अर्ध्या मैदानापार गेलं असतं. आपल्या बापाला चालताना आपण शेवटचं कधी पाहिलं होतं, नुसतं घरात असलेलं नव्हे, नीट पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना.

अप्पांना परत बसवून बाईंनी विचारलं, "आजाराबद्दल तुम्हाला किती माहीत आहे? आणि किती जाणून घ्यायचंय?"

सर पुढे सरकले. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाई, लोकांच्या भिंतीत काय चाललंय ते मी आयुष्यभर बाहेरून कान लावून ओळखत आलो. माझ्याच घरातली कुजबुज मला कळणार नाही होय? बरं व्हायचं नाही, एवढं कळलंय. किती दिवस, ते तुम्हालाही नक्की सांगता येत नसेल."

"नाही येत."

"मग राहू दे."

"बरं. मग हे सांगा, जे दिवस आहेत त्यात तुम्हाला काय करायचंय?"

असा प्रश्न आपल्याला इतक्या दिवसांत सुचला नाही, हे सरांच्या मनात आलं तेवढ्यात अप्पांनी बोलायला सुरुवातही केली होती. जणू कोणीतरी विचारण्याचीच ते वाट बघत होते.

"आमच्या वसाहतीत आठ इमारती आहेत. पाण्याच्या लाइनी मी आणि माझ्या जोडीदारानं टाकल्या, बावन्न वर्षं झाली. जोडीदार गेला. कचेरीतले नकाशे भिजून त्यांचा लगदा झाला. आता कुठला व्हॉल्व कुठल्या फरशीखाली आहे ते फक्त इथं आहे." त्यांनी कपाळावर बोट आपटलं. "मी गेलो की लोक अंदाजानं अंगण खणत बसणार. मला तो सगळा नकाशा कागदावर उतरवायचाय. त्यासाठी डोकं शाबूत हवं. आणि आठवड्यातले चार दिवस पाय. बाकीचे तीन दिवस तुमचं औषध घेऊ दे की हवे तेवढे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं, आठ इमारतींसकट.

"मग माझा सल्ला असा," त्या म्हणाल्या. "आठ-दहा दिवसांनी, थोडी ताकद आल्यावर, तेच औषध पुन्हा सुरू करू. पण साठ टक्के डोसनं."

सरांना आता राहवलं नाही. "डॉक्टर, खरं सांगा. वय झालंय म्हणून तुम्ही त्यांना हळूच सोडून देताय का? तरुण माणूस असता तर साठ टक्के दिले असते?"

"तरुण, धडधाकट माणूस असता तर नसते दिले. पण तरुण माणसांवर तपासलेला डोस ऐंशीच्या घरातल्या थकलेल्या माणसाला तसाच चालेल, असं आम्ही बराच काळ नुसतं धरून चाललो होतो. मग खास अशाच वयस्कर, अशक्त रुग्णांवर डोस कमी-जास्त करून पाहिले गेले. कमी डोस घेतलेल्यांचा आजार जवळपास तितकाच आटोक्यात राहिला. आणि त्यांचे दिवस बरे गेले. त्रास कमी, अंथरुणात पडून राहणं कमी." त्या थांबल्या. "अप्पांच्या बाबतीत काय होईल याची हमी मी देत नाही. उपयोग नाही झाला तर तेही सांगेन. आणि औषध अजिबात नको म्हणाले, नुसता त्रास कमी करायचा म्हणाले, तरी मी त्यांच्यासोबतच आहे. पण हे सोडून देणं नाही, सर. हे माप घेऊन शिवणं आहे."

"साठ टक्के," अप्पा पलंगावरून म्हणाले. "बाई, मी शाळेत पस्तीसच्या वर कधी गेलो नाही. हा तर फर्स्ट क्लास झाला."

बाई गेल्यावर सर बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसले.

"अप्पा, मी खोटं बोललो त्यांच्याशी. जिन्याचं."

"मी होतो की तिथं. ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटलं मला." अप्पांनी डोळे मिटले होते. "रोज दोन जिने चढतो, आठवीच्या पोरांना लाजवतो. असं कोणी आपल्याबद्दल सांगत असलं तर मधेच कोण तोडेल? मला वाटलं, आहे बुवा असा कोणी म्हातारा. त्यालाच द्या औषध." मग जरा वेळानं ते म्हणाले, "झाकण लाव रे नीट. आटे जातील."

घरी आल्यावर सूनबाईंनी सूत्रं हाती घेतली. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाणं, खाताना ताठ बसणं, खाऊन झाल्यावर लगेच आडवं न होणं. गोळ्यांचा डबा त्यांनी वारांप्रमाणे भरला. मोरीत हाताला धरायला दांडी बसवायची ठरली, तेव्हा अप्पांनी खुर्चीत बसून सरांकडून ती बसवून घेतली आणि दोनदा काढायला लावली. सरांनी खुर्चीतून उठण्याचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी दोन वेळा, चौथ्या दिवशी तीन. अप्पा तिसऱ्याला थांबले तर सर गप्प राहायला शिकले. हे शिकताना त्यांच्या नाकी नऊ आले, पण शिकले.

साठ टक्क्यांचं पहिलं सलाइन झालं. सगळं घर श्वास रोखून बसलं होतं. दोन दिवस अप्पा मलूल होते, अन्नाला नाक मुरडत होते. गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येत. पाचव्या दिवशी सकाळी ते स्वतः उठून खिडकीशी आले आणि म्हणाले, "सर, तुझ्या शाळेतून खडू आण. आणि मोजपट्टी. शिवणकामाची नको, लांबवाली आण."

दोन्ही जिन्यांच्या वळणावर सरांनी एकेक खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी अप्पा खाली पोहोचायला पाव तास लागला. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी सकाळी हा कार्यक्रम सुरू झाला. अप्पा घडीच्या खुर्चीत, हातात सूनबाईंनी घालायला लावलेले लोकरी मोजे, मांडीवर जाड पुठ्ठा आणि त्यावर मोठा कागद. सर खाली वाकून मोजपट्टी धरत, फरशीवर खडूनं खुणा करत आणि शिव्या खात.

"तीन फूट म्हटलं की तीन फूट. सव्वातीन म्हणजे दुसऱ्याच्या घरात."

चौथ्या इमारतीपाशी अप्पांचा अंदाज चुकला. त्यांनी सांगितलेली फरशी सरांनी पहारीनं उचलली, खाली नुसती माती. अप्पांचा चेहरा उतरला. "डोकंही गेलं वाटतं," ते हळूच म्हणाले. सरांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, हिंमत सोडायची नाही वगैरे. ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "त्या वेळी इथं आणखी काय होतं?"

अप्पांनी विचार केला. "पायरी होती. दाराला दोन पायऱ्या होत्या तेव्हा. आता एकच दिसते." खालची पायरी फरशीखाली बुजली होती; तिच्यापासून पुन्हा मोजलं तर व्हॉल्व दोन फुटांवर निघाला, गंजलेला, पण जागच्या जागी. अप्पांनी मोजा काढून त्याला बोट लावलं, गार लोखंडाचा करंट बसला तसं 'स्स' केलं आणि तरी हात काढला नाही.

पाचव्या इमारतीमागे लाइन सरळ जाता जाता उगाचच बाजूला वळली होती आणि पुन्हा जागेवर आली होती. सरांनी विचारलं, इथं काय आडवं आलं होतं?

"तू," अप्पा म्हणाले. "इथं काम चालू असताना निरोप आला की मुलगा झाला. मी पाना टाकून पळालो. मागं जोडीदारानं एकट्यानं लाइन ओढली. त्याला सरळ काही जमायचं नाही. बावन्न वर्षं पाणी तुझ्यामुळं वळसा घेतंय."

सरांनी त्या वळणाची मापं दोनदा घेतली.

दहा आठवड्यांनी स्कॅन झाला. गाठ थोडी आकसली होती, यकृतावरचे डाग होते तेवढेच होते, नवीन काही नव्हतं. वजन दीड किलोनं वाढलं होतं. अप्पांना त्यातलं वजनाचं कौतुक जास्त. मधे एक सलाइन आठवडाभर पुढं ढकलावं लागलं, एकदा ताप आला आणि दोन दिवस वॉर्डात काढावे लागले. सगळं सुरळीत होतं असं कोणी म्हणणार नाही. पण आठातल्या सात इमारती कागदावर आल्या, मग आठवीही आली. सूनबाईंनी दुकानातल्या यंत्रावर त्या मोठ्या कागदाच्या प्रती काढल्या, आणि कचेरीतल्या माणसानं एक प्रत काचेत बसवून भिंतीवर लावली. अप्पांनी ती जाऊन पाहिली आणि खिळा तिरका आहे असं सांगून आले.

सहाव्या महिन्यात बाईंकडे जायचं होतं. स्कॅन पुन्हा तसाच, स्थिर. पण अप्पांच्या बोटांच्या मुंग्या आता जात नव्हत्या. शर्टाची बटणं लावायला जड जायचं.

"इथून पुढं दोन रस्ते आहेत," बाई म्हणाल्या. "सलाइन बंद करून नुसत्या गोळ्या चालू ठेवू. किंवा सगळंच थांबवून दोन महिने सुटी घेऊ, आणि लक्ष ठेवू. आजार हलला तर पुन्हा बसून बोलू. सुटीत तो हलू शकतो, हे लपवत नाही."

अप्पांनी सवयीनं सरांकडे पाहिलं. सरांना बोलायचं होतं. गोळ्या चालू ठेवा, असं त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि अप्पांकडे मान वळवली.

"तुम्हाला काय वाटतं, अप्पा?"

बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक खुर्ची सरकली.

"सुटी," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण आहे. चौऱ्याऐंशीची. तीन वर्षं भेट नाही. आगगाडीनं तीन तास लागतात. बोटांत जीव आहे आणि घास उतरतोय तोवर जाऊन येतो. आल्यावर बघू तुमच्या गोळ्या."

"जा," बाई म्हणाल्या. "खुशाल जा. जाताना काय काय सोबत न्यायचं ते मी लिहून देते."

बसथांब्यावर ऊन होतं आणि बाकावर जागाही होती. अप्पांनी बसल्या बसल्या सरांकडून फोन मागून घेतला आणि बहिणीला लावला. तिला ऐकू कमी येई, त्यामुळं अप्पांचं अर्धं बोलणं सगळ्या थांब्यानं ऐकलं.

"आक्का, मी बोलतोय... अगं मीच. नाही, मेलो नाही. बरा आहे... येतोय मी तुझ्याकडे. पुढच्या आठवड्यात. सर घेऊन येतोय... काहीही कर, मऊ असलं म्हणजे झालं... आणि हे बघ, तुझ्या जिन्याला पायऱ्या किती? मग मोजून ये. थांबतो मी."

ते फोन कानाला लावून थांबले. सरांच्या डोळ्यांसमोर ती चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी एकेक पायरी मोजत खाली उतरताना आली. बस आली, दार उघडलं. अप्पांनी मोकळ्या हातानंच तिला पुढं जायला सांगितलं, आणि ती गेली.

"अकरा," अप्पा थोड्या वेळानं म्हणाले. "मधे टेकायला जागा आहे म्हणते."

"जमतील," सर म्हणाले, आणि मग विचारलं, "जमतील ना?"

"जमतील," अप्पा म्हणाले.